पेपर पाठवण्याआधी जर्नलचा उतारा काढा

मी बेळगावातल्या एका पदवी कॉलेजची ग्रंथपाल. पुस्तकांच्या देवघेवीला आता निम्मा दिवसही लागत नाही. उरलेला वेळ ‘मॅडम, हे जर्नल चालतंय काय?’ या एका प्रश्नात जातो. जर्नल म्हणजे संशोधनाचे लेख, म्हणजेच पेपर, छापणारं नियतकालिक. विचारणारे सगळे आसपासचेच. खानापूरकडून रोज येणारी पीएच.डी.ची मुलगी, निपाणीकडे गेस्ट लेक्चरर असलेला इतिहासाचा पोरगा, प्रमोशनची फाइल लावायला बसलेले आमचेच एखादे सर. हातात मोबाईल आणि त्यावर कुठल्यातरी ग्रुपवरून आलेला निरोप: ‘पेपर पाठवा, 3 दिवसांत प्रसिद्धी, सर्टिफिकेट मोफत, इम्पॅक्ट फॅक्टर 7 च्या वर, मराठी-कन्नड-हिंदी-इंग्रजी सर्व भाषा, सर्व विषय.’ खाली फोनपेचा नंबर. परवा एकजण म्हणाला, “मॅडम, पैसे भरूलालोय, तेवढं एकदा बघा की.”

भरायच्या आधी दाखवलं हे बरं केलं. काय बघायचं ते एकदाच लिहून ठेवते, म्हणजे मी रजेवर असले तरी कुणाचं अडणार नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करू. ओपन ॲक्सेस म्हणजे फसवं, असं आमच्याकडे बरेच गाइड सरळ सांगून टाकतात. ते खरं नाही. ओपन ॲक्सेस म्हणजे कुणालाही फुकट वाचता येईल असं संशोधन. 2002 च्या बुडापेस्टच्या जाहीरनाम्यापासून ही चळवळ जगभर रुजली. ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मध्ये केंद्र सरकारने सुमारे 13,000 जर्नलं वाचायला खुली केली, पण जानेवारी 2025 पासूनचा तो पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी आहे. खासगी शिक्षणसंस्थेच्या आमच्यासारख्या कॉलेजांना खुल्या जर्नलांचाच आधार. अडचण वेगळीच आहे. वाचणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत म्हटल्यावर बरीच जर्नलं ते लिहिणाऱ्याकडून घेतात. जितके पेपर छापाल तितकी कमाई, मग नाकारायचं कशाला? या फटीतून चोर आत शिरले. अमेरिकेतल्या कोलोरॅडोचे ग्रंथपाल जेफ्री बील यांनी 2010 च्या सुमारास अशा प्रकाशकांना ‘प्रिडेटरी’, म्हणजे शिकारी, म्हणायला सुरुवात केली आणि त्यांची यादीच मांडली. जानेवारी 2017 मध्ये त्यांनी ती उतरवली. तिच्या जुन्या नकला अजून फिरतात. त्या बघायला हरकत नाही, पण त्यांच्यावर निकाल देऊ नका. यादीत नाव नसलेली नवी दुकानं रोज उघडतात.

माझी रीत एकच. जर्नलने स्वतःबद्दल स्वतःच्या वेबसाइटवर लिहिलेलं काहीही धरायचं नाही. प्रत्येक दावा दुसऱ्याच्या दप्तरात जाऊन बघायचा. आपल्याकडे शेत घेताना विकणारा बांधावर उभा राहून हद्द दाखवतो, म्हणून कुणी इसार देत नाही. आधी उतारा काढतो, नाव कुणाचं, बोजा कुणाचा ते बघतो. जर्नलचंही तसंच करायचं. फरक इतकाच की हे उतारे फुकट मिळतात आणि त्यासाठी तलाठ्याची वाट बघत बसावं लागत नाही.

पहिला दावा बहुधा आयएसएसएनचा. ‘आयएसएसएन आहे म्हणजे सरकारमान्य’ हे वाक्य मी प्राध्यापकांच्या तोंडूनसुद्धा ऐकलंय. आयएसएसएन हा नियतकालिकाला ओळखण्याचा आठ आकडी क्रमांक, बाकी काही नाही. भारतात तो दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून मोफत मिळतो, आणि मजकूर चांगला की वाईट हे तिथे कुणी तपासत नाही. तरी बघायचा, कारण काहीजण तोही खोटा छापतात. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो. बंगळूरच्या ‘करंट सायन्स’चा क्रमांक घ्या: 0011-3891. पहिल्या सात आकड्यांना डावीकडून 8, 7, 6, 5, 4, 3, 2 ने गुणायचं आणि बेरीज करायची: 0, 0, 6, 5, 12, 24, 18, एकूण 65. 65 ला 11 ने भागलं की बाकी 10. 11 मधून 10 वजा केले की 1. शेवटचा आकडा 1 च आहे, म्हणजे क्रमांक बरोबर. उत्तर 10 आलं तर तिथे एक्स छापतात. बाकी शून्य आली तर शेवटी शून्य. चहा निवेपर्यंत होणारं गणित आहे, आणि ते जुळलं नाही तर पुढचं काही बघायचीच गरज नाही.

जुळलं, तर पोर्टल डॉट आयएसएसएन डॉट ऑर्गवर तो क्रमांक टाका. नाव तेच निघतं का? देश तोच का? वेबसाइटचा पत्ता दिला असेल तर तो तोच आहे का? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. कारण चांगल्या जर्नलचं नाव आणि क्रमांक उचलून त्याचीच दुसरी वेबसाइट उभी करणारे लोक आहेत. मूळ जर्नल छापील असेल, स्वतःची साइट नसेल, तर त्यांचं फावतंच. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, ‘केअर’ या मान्य जर्नलांच्या यादीतल्या नावांचीही अशी नक्कल झाली, आणि त्या नकलांची वेगळी यादी लावायची वेळ आली. मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ या साइटने 2022 पासून अशा चोरलेल्या जर्नलांची तपासयादी खुली ठेवली आहे; ‘हायजॅक्ड जर्नल चेकर’ असं शोधलं की सापडते. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून कधीही पेपर पाठवू नका. जर्नलचा पत्ता स्वतः शोधून काढा.

दुसरा दावा डीओआयचा, म्हणजे एकेका पेपरला मिळणाऱ्या कायमच्या ओळखक्रमांकाचा. डीओआय 10 आणि टिंब यांनी सुरू होतो. जर्नलच्या जुन्या अंकातल्या एखाद्या पेपरचा डीओआय घ्या आणि डीओआय डॉट ऑर्गवर टाका. उघडला आणि त्याच पेपरवर गेला तर ठीक. काहीच उघडलं नाही, तर तो नुसता छापलेला आकडा. आणखी एक खुबी हल्ली दिसते: 10.5281 ने सुरू होणारा डीओआय. तो झेनोडोचा असतो. झेनोडो चांगली जागा आहे, सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेची. पण तिथे कुणीही आपली फाइल फुकट चढवून डीओआय घेऊ शकतो. जर्नल तुमच्याकडून पैसे घेऊन तेवढंच करत असेल, तर ते तुम्ही घरी बसूनही केलं असतंत.

इम्पॅक्ट फॅक्टरवर जास्त वेळ घालवत नाही. हा आकडा क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी काढते, आणि तो मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना मिळालेल्या उल्लेखांवरून निघतो. गेल्या वर्षी सुरू झालेल्या जर्नलला तो असूच शकत नाही. पुढे ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ किंवा असंच काही भारदस्त विशेषण चिकटवलेला फॅक्टर दिसला की समजायचं, आकडा विकत आणलाय. मुखपृष्ठावर तो जितका ठळक, तितका माझा संशय पक्का.

‘इंडेक्स्ड इन’च्या खाली दहा-पंधरा बोधचिन्हं लावलेली असतात. त्यातली गूगल स्कॉलर, रिसर्चगेट, अकॅडेमिया सरळ खोडून टाका. तिथे कुणाचंही काहीही दिसतं. स्कोपस, म्हणजे निवडक जर्नलांची नोंद ठेवणारी मोठी सूची, म्हटलं असेल तर स्कोपसच्या साइटवरची ‘सोर्सेस’ची यादी लॉगिन न करता बघता येते. तिथे जर्नलच्या नावापुढे कुठल्या वर्षापर्यंत ते घेतलं जातंय तेही लिहिलेलं असतं. ‘2021 पर्यंत’ असं दिसलं तर स्कोपस ते आता घेत नाही. जर्नलवाले मात्र बोधचिन्ह काढायला विसरतात.

खुल्या जर्नलांसाठी सगळ्यात उपयोगी दप्तर डीओएजेचं, म्हणजे ‘डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स’चं. 2003 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात ही निर्देशिका सुरू झाली. आज तिच्यात 20,000 च्या वर जर्नलं आहेत. 2014 मध्ये निकष कडक करून त्यांनी सगळ्यांना पुन्हा अर्ज करायला लावला आणि 2016 मध्ये तीन हजारांवर नावं कमी केली. आपल्याच वहीतली नावं अशी खोडणारी संस्था मला विश्वासाची वाटते. डीओएजेची नोंद उघडली की फी किती, तपासणी कुठल्या पद्धतीची, लेखाचा हक्क कुणाकडे, हे सगळं एका पानावर मिळतं. ते जर्नलच्या साइटवरच्या मजकुराशी ताडून बघा. काढलेल्या जर्नलांची यादीही ते कारणासकट लावतात, तीही चाळायची.

आता ‘यूजीसी केअर’. हे दोन शब्द आमच्या भागात अजून मंत्रासारखे चालतात, म्हणून जरा थांबते. यूजीसीने 2017 मध्ये मान्य जर्नलांची एक यादी काढली. तिच्यात इतका गाळ निघाला की मे 2018 मध्ये 4,305 नावं एका फटक्यात वगळावी लागली. मग केअर आली, 2019 पासून. तिचं काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने तीही बंद केली आणि जर्नलची पारख कशी करावी याच्या सूचना देऊन जबाबदारी विद्यापीठांवर आणि कॉलेजांवर सोपवली. तेव्हा आज कुणी ‘केअर लिस्टेड, त्वरा करा’ म्हणत असेल, तर तो बंद पडलेल्या यादीच्या नावावर पैसे मागतोय. तुमचा पेपर 2022 चा असेल आणि तेव्हा जर्नल यादीत होतं, तर तो पुरावा जपून ठेवा. तो वेगळा मुद्दा. आणि नोव्हेंबर 2022 च्या यूजीसी नियमांत पीएच.डी.चा प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने अट ठेवली असू शकते, ती राणी चन्नम्माची एक, शिवाजीची दुसरी. गाइडच्या तोंडी शब्दावर न जाता विद्यापीठाचं परिपत्रक मागा. निम्म्या लोकांची घाई तिथेच संपते.

इथपर्यंतचं काम खुर्चीत बसून होतं. यापुढे जरा माणसांत जावं लागतं.

संपादक मंडळ बघा. परदेशी नावांची रांग लावलेली असेल तर तिने भारावून जाऊ नका. पोलंडच्या काही संशोधकांनी एक संपूर्ण काल्पनिक बाई उभी केली, तिची पात्रता मुद्दाम अपुरी ठेवली आणि 360 जर्नलांना तिच्या नावाने ‘मला संपादक करा’ म्हणून पत्रं पाठवली. 48 जणांनी तिला घेतलं, काहींनी लगेच, काहींनी पैशांच्या बोलीवर. 2017 मध्ये ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्या 48 पैकी 40 बील यांच्या यादीतले होते, पण 8 डीओएजेतलेही होते. म्हणून एकाच दप्तरावर भागवू नका म्हणते. उलट बाजूही आहे: माणूस खरा, पण त्याला पत्ताच नाही. मंडळातली दोन नावं निवडा, जवळची निवडा. आपल्या बेळगावची सोय अशी की कोल्हापूर, धारवाड आणि पणजी तिन्हीकडे कुणी ना कुणी ओळखीचं असतंच. त्या माणसाचा ईमेल जर्नलच्या साइटवरून घेऊ नका, त्याच्या विद्यापीठाच्या पानावरून घ्या. दोन ओळी पुरतात: ‘सर, अमुक जर्नलच्या मंडळावर आपलं नाव वाचलं. पेपर पाठवायचा विचार आहे. आपण खरंच त्या मंडळावर आहात का?’ आमच्या एका विद्यार्थिनीने धारवाडच्या एका निवृत्त सरांना असं विचारलं, तर ते म्हणाले, “मी? कधीपासून?”

चार भाषांत पेपर घेणाऱ्या जर्नलला आमच्यासारख्या दोन भाषांच्या गावात एक सोपा सवाल टाकता येतो: तुमच्या मंडळावर मराठी वाचणारा कोण, कन्नड वाचणारा कोण? एका अंकात सीमाभागातल्या लोकगीतांवर मराठी लेख, बचत गटांवर कन्नड लेख आणि पुढच्याच पानावर नॅनो कणांवर इंग्रजी लेख. यांची तपासणी ज्या समीक्षकांनी केली त्यांना मला एकदा भेटायचंय. ‘बहुविषयक’ असणं गुन्हा नाही. मोठी जर्नलंही असतात. पण त्यांच्याकडे प्रत्येक विषयाचे संपादक नावानिशी दाखवता येतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे कुणीच करत नाही: त्या जर्नलमधले दोन लेख पूर्ण वाचा. जे तुम्हाला कळतं त्यातले निवडा. निपाणीच्या तंबाखूवर, विडी कामगारांवर, खानापूरच्या जंगलावर कुणी लिहिलेलं असेल तर उत्तम, कारण गावं, आकडे, वर्षं तुम्हाला घरबसल्या पडताळता येतात. तालुका चुकीचा, तक्त्यातली बेरीज चुकीची, निष्कर्ष तक्त्याच्या उलटा, संदर्भयादीत लेखात कुठेच न आलेली पुस्तकं. असं काही दिसलं तर तो लेख छापायच्या आधी कुणी वाचलेलाच नाही. एखादा परिच्छेद अवतरणात टाकून गूगलवर शोधा. जशाच्या तसा दुसरीकडे मिळाला तर बोलायलाच नको. पहिल्या पानाच्या तळाशी ‘मिळाला’ आणि ‘स्वीकारला’ अशा तारखा असतात, त्यांच्यातलं अंतर बघा. खरी तपासणी म्हणजे दोन समीक्षक, त्यांच्या शंका, तुमची दुरुस्ती, पुन्हा वाचन. याला आठवडे लागतात, बहुतेक वेळा महिने. तीन दिवसांत नुसता फॉन्ट बदलून होतो.

हे मी मनाने सांगत नाही. 2013 मध्ये ‘सायन्स’साठी जॉन बोहॅनन या पत्रकाराने दगडफुलाच्या जातीतल्या शैवाकातून निघालेल्या रेणूने कर्करोगाच्या पेशी थांबतात असा एक बनावट पेपर रचला. त्यातल्या चुका विषय जाणणाऱ्याला पहिल्या वाचनात सापडाव्यात अशा होत्या. 304 खुल्या जर्नलांकडे तो गेला. 157 जणांनी स्वीकारला, 98 जणांनी नाकारला. त्या जर्नलांपैकी सुमारे एक तृतीयांश भारतातली होती, हे वाचून वाईट वाटतं, पण आपला फोन बघितला की आश्चर्य वाटत नाही.

मोठं नाव असलं म्हणजे सुटलो, असंही नाही. हिंदावी हा जुना, नावाजलेला खुला प्रकाशक. 2021 मध्ये वायली कंपनीने तो विकत घेतला, आणि 2023 या एका वर्षात त्याच्या जर्नलांतले 8,000 हून जास्त पेपर मागे घ्यावे लागले. बहुतेक विशेषांकांतले. शेवटी वायलीने ते नावच सोडून दिलं. म्हणून विशेषांकाचं आमंत्रण आलं की पाहुणा संपादक कोण आणि त्याने आजवर कशावर लिहिलंय, हे स्वतंत्र बघा. आपल्या भागातल्या एकदिवसीय राष्ट्रीय परिषदांनाही हे लागू: नोंदणी फीमध्येच ‘आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रसिद्धी’ धरलेली असेल, तर परिषदेला जेवायला जा, ओळखी करा, पेपर मात्र जवळ ठेवा.

फीबद्दल दोन शब्द. फी मागतात म्हणून खोटं आणि फुकट आहे म्हणून खरं, दोन्ही हिशेब चुकीचे. चांगली परदेशी जर्नलं हजारो डॉलर घेतात आणि गरज पडली तर सूटही देतात. उलट बंगळूरच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नलं लेखकाकडून काही घेत नाहीत. फी आधी सांगितली होती का, एवढंच बघा. हैदराबादच्या ओमिक्स या जर्नलं काढणाऱ्या समूहावर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जो खटला भरला, त्यात एक आरोप हाच होता की पेपर स्वीकारल्यावर फीचा आकडा पुढे करतात. 2019 मध्ये तिथल्या कोर्टाने त्यांना 5 कोटी 1 लाख डॉलर भरायला सांगितले. आपल्याकडची दुकानं लहान, हजार-दीड हजारांची, त्यामुळे कुणी कोर्टात जात नाही. पैसे संस्थेच्या खात्यात न जाता एखाद्याच्या खासगी नंबरवर जात असतील तर माझा निकाल तिथल्या तिथे लागतो.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी मात्र वरच्या निम्म्या कसोट्या बिनकामाच्या. वाईचं ‘नवभारत’, मराठी अभ्यास परिषदेचं ‘भाषा आणि जीवन’, भारत इतिहास संशोधक मंडळाचं त्रैमासिक, यांना स्कोपसमध्ये शोधायला जाल तर हाताशी काही लागणार नाही, आणि म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाहीत. इथे जुनी पद्धतच वापरायची. मागच्या दहा वर्षांचे अंक वाचनालयात मिळतात का? तुमच्या विषयातली चांगली पुस्तकं संदर्भात या नियतकालिकाचं नाव घेतात का? संपादक लेख कधी परत पाठवतात का, की आलेलं सगळं छापतात? ज्यांचा लेख साभार परत आला असा माणूस सापडला, तर मी त्या नियतकालिकाला दोन गुण जास्त देते.

आता कुणी म्हणेल, मॅडम, आमचा पेपर तर गेलाय. स्वीकारल्याचं पत्र आलं असेल आणि पैसे गेले नसतील, तर भरू नका. हक्क देण्याच्या फॉर्मवर सही करू नका. एकच साधा ईमेल करा: ‘मी माझा लेख मागे घेत आहे, तो छापू नये, मी हक्क दिलेले नाहीत.’ ते मागे घेण्याची फी मागतील, धमकीही देतील. उत्तर देत बसू नका. तेच लेखन दुसरीकडे पाठवायच्या आधी त्यांच्या साइटवर ते चढलं नाही ना हे बघा, आणि चढलं असेल तर नव्या जर्नलच्या संपादकांना घडलेलं आधीच कळवा, नाहीतर एकच पेपर दोनदा छापल्याचा ठपका तुमच्यावर येईल. सगळे ईमेल, स्क्रीनशॉट, तारखा एका फोल्डरमध्ये ठेवा आणि एक प्रत गाइडकडे द्या. आमच्या लायब्ररीत दिली तरी चालेल, दुपारी तीननंतर मी टेबलावर असते.